‘करीन’, ‘करणार आहे’ आणि ‘करते’: इंग्रजीत उद्याबद्दल कसं बोलायचं

खराडीतल्या एका कंपनीत नुकत्याच लागलेल्या मुलीने विचारलं आहे: “मी मराठी माध्यमातून शिकले. शाळेत भविष्यकाळ म्हणजे ‘विल’ आणि ‘शॅल’ एवढंच होतं. इथे टीममधले परदेशी सहकारी कधी ‘गोइंग टू’ म्हणतात, कधी नुसतंच ‘आय'म मीटिंग’, कधी ‘विल बी डूइंग’. मी सगळीकडे ‘विल’च लावते. माझं चुकतंय का? कुठे काय वापरायचं हे कसं कळणार?”

सगळीकडे ‘विल’ लावलं तर वाक्य व्याकरणात फारसं अडत नाही, पण समोरच्याला वेगळाच अर्थ कळतो. तुमचं आधीच ठरलेलं असतं आणि त्याला वाटतं, तुम्ही आत्ता ठरवलंत. तुम्ही नुसती चौकशी करता आणि त्याला ती विनंती वाटते. म्हणून हा प्रश्न परीक्षेच्या मार्कांपुरता नाही, ऑफिसातल्या रोजच्या कामाचा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

मी बरीच वर्षं पुण्यात नोकरदार मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. त्यातले बहुतेक मराठी माध्यमाचे, पेठांतले, हडपसरचे, चाकणचे, काही बारामती-सोलापूरहून आलेले. त्यांना मी सुरुवातीलाच सांगते, की हा फरक तुम्हाला येतो. मराठी बोलताना तुम्ही तो दिवसभर अचूक करता. इंग्रजीत शिरताना मात्र तो दाराबाहेर ठेवून येता, कारण शाळेच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.

आधी तो तक्ता बाजूला करू. मराठीत क्रियापदालाच भविष्यकाळाचा प्रत्यय लागतो: जाईन, जाशील, जाईल, जातील. इंग्रजी क्रियापदाला असा प्रत्यय नाही. ‘गो’चं भूतकाळी ‘वेंट’ होतं, भविष्यकाळी रूप होतच नाही. त्यामुळे पुढच्या गोष्टी सांगायला इंग्रजी वेगवेगळ्या वाटा वापरते, आणि कुठली वाट घ्यायची हे बोलणाऱ्याच्या मनात त्या गोष्टीचं काय चाललंय यावर ठरतं: ठरलंय, ठरतंय, की नुसता अंदाज आहे. शाळेने यातली एकच वाट उचलली आणि तिला भविष्यकाळ असं नाव दिलं.

आता मराठीकडे बघा. मैत्रीण विचारते, “शनिवारी काय करणार आहेस?” तुम्ही म्हणता, “सिंहगडावर जाणार आहे.” इथे “जाईन” तुमच्या तोंडून येणारच नाही. “जाईन” म्हटलंत तर ती लगेच विचारेल, “म्हणजे नक्की नाही का?” इंग्रजीतही हेच आहे. ठरलेल्या बेताला “आय'म गोइंग टू क्लाइम्ब सिंहगड ऑन सॅटर्डे.” तिथे “आय विल क्लाइम्ब” म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, प्रश्न ऐकल्यावर हिने आत्ता ठरवलं.

प्रश्नात तर हा फरक आणखी ठळक होतो. “येशील का?” आणि “येणार आहेस का?” ही दोन वाक्यं आपण कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिल्यात आर्जव आहे, निदान आमंत्रण तरी आहे. दुसऱ्यात चौकशी आहे. “विल यू कम?” म्हणजे येशील का. “आर यू कमिंग?” म्हणजे येणार आहेस का. मीटिंगबद्दल नुसती माहिती हवी असताना मॅनेजरला “विल यू अटेंड द मीटिंग?” विचारलंत, तर तो प्रश्न आग्रहासारखा वाटतो. “आर यू जॉइनिंग द मीटिंग?” किंवा त्याहून मऊ “विल यू बी जॉइनिंग?” म्हणा.

म्हणजे पहिली कसोटी ही, की वाक्य मनात मराठीत म्हणा. वहीतलं मराठी नको, बोलतानाचं म्हणा. “-णार आहे” आलं तर इंग्रजीत ‘गोइंग टू’ किंवा ‘-इंग’. “-ईन, -शील, -ईल” आलं तर बहुधा ‘विल’. एवढ्यानेच बऱ्याच चुका आपोआप जातात.

‘गोइंग टू’ आणि नुसतं ‘-इंग’ यांतला फरक बारीक आहे, पण तोही मराठीत सापडतो. “या वर्षी दात दाखवून घ्यायचेच आहेत” हा मनातला इरादा झाला: “आय'म गोइंग टू सी अ डेंटिस्ट दिस यिअर.” “शनिवारी सहा वाजता दातांच्या डॉक्टरांकडे जातेय” म्हणजे वेळ घेतलेली आहे, दुसऱ्या माणसालाही ते ठाऊक आहे: “आय'म सीइंग द डेंटिस्ट ॲट सिक्स ऑन सॅटर्डे.” डायरीत लिहिलेलं, तिकीट काढलेलं, हॉल बुक केलेलं असलं की ‘-इंग’. लग्न डिसेंबरमध्ये ठरलंय, कार्यालय मिळालंय, तर “आय'म गेटिंग मॅरिड इन डिसेंबर.” हेच “आय विल मॅरी इन डिसेंबर” असं सांगितलंत तर मुलगा अजून शोधायचाय पण निर्धार पक्का आहे, असा काहीसा अर्थ होतो.

ज्या गोष्टी माणसाच्या हातात नाहीत त्यांना मात्र हे ‘-इंग’ लावू नका. पावसाने कोणाशी वेळ ठरवलेली नसते. “इट'स रेनिंग टुमॉरो” हे वाक्य होत नाही.

वेळापत्रकाच्या गोष्टी सोप्या आहेत. १९३० पासून धावणारी आपली डेक्कन क्वीन उद्या सकाळी कधी सुटणार, तर “सव्वासातला सुटते” असंच आपण म्हणतो, वर्तमानकाळात. इंग्रजीतही “द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन.” शाळा सोमवारी सुरू होते, सेल रविवारी संपतो, मीटिंग अकराला आहे, सगळं तसंच. स्वतःच्या बेताला हे रूप नको. गाडी ‘लीव्ज’, पण तुम्ही ‘आय'म टेकिंग द डेक्कन क्वीन टुमॉरो’.

आता जिथे मराठी आपल्याला फसवते त्या जागांकडे वळते. कसोटी चांगली आहे म्हणून ती डोळे मिटून वापरायची नाही.

सगळ्यात मोठी फसगत “करते” या रूपात आहे. घरी कोणी म्हणालं, “गॅस संपलाय,” तर आपण म्हणतो, “मी बुक करते.” बॉसने विचारलं, “क्लायंटला कोण सांगणार?” तर “मी सांगते.” रिक्षावाला म्हणतो, “शंभरचे सुटे देतो, थांबा.” ही सगळी तिथल्या तिथे केलेली ठरवाठरव आहे, दिलेला शब्द आहे, आणि मराठीत ती वर्तमानकाळात येते. इंग्रजीत अशा ठिकाणी ‘विल’ लागतं, आणि बोलताना तेही आखडून ‘आय'ल’: “आय'ल बुक वन.” “आय'ल टेल देम.” इथेच आपल्याकडची मुलं “आय टेल देम” किंवा “आय ॲम टेलिंग देम” म्हणतात. पहिल्यात रोज सांगते असा अर्थ होतो, दुसऱ्यात आत्ता सांगतेय किंवा आधीच ठरलेलं आहे असा. गंमत अशी, की जी मुलगी सगळीकडे ‘विल’ लावते तीच नेमकी या जागी लावत नाही. ‘विल’चं खरं घर हे आहे: आत्ता सुचलं, आत्ता ठरवलं, मी घेते अंगावर. फोनवर “ठेवते, नंतर करते” म्हणतो ना, ते “आय'ल कॉल यू लेटर.”

याच जातीतलं “आलोच” आणि “आलेच”. भूतकाळाचं रूप घेऊन आपण पुढच्या दोन मिनिटांबद्दल बोलतो. इंग्रजीत त्याला “आय'म कमिंग” किंवा “आय'ल बी राइट देअर.” “पाच मिनिटांत पोहोचतेय” याचं “आय'म रीचिंग इन फाइव्ह मिनिट्स” पुण्यात सगळ्यांना कळतं, पण लंडनच्या सहकाऱ्याला “आय'ल बी देअर इन फाइव्ह मिनिट्स” सांगा.

दुसरी फसगत नकारात आहे. “करीन” आणि “करणार आहे” हे होकारात वेगळे, पण नकारात दोघांचं एकच रूप होतं: “करणार नाही.” त्यामुळे “मी त्या प्रोजेक्टवर काम करणार नाही” हे इंग्रजीत नेताना मराठीची मदत संपते. इंग्रजीत “आय'म नॉट वर्किंग ऑन दॅट प्रोजेक्ट” ही माहिती आहे, माझं नाव त्यात नाही एवढंच. “आय वोंट वर्क ऑन दॅट प्रोजेक्ट” हा बरेचदा सरळ नकार असतो, पाय रोवून दिलेला. ऑफिसात ‘वोंट’ वापरण्यापूर्वी एक क्षण थांबा. पुढचं क्रियापद तुमच्या मर्जीवर चालणारं असेल तर ‘वोंट’ला हट्टाची धार येते. मर्जीचा प्रश्न नसेल तर तीच धार निघून जाते: “आय वोंट बी इन द ऑफिस टुमॉरो” अगदी निरुपद्रवी आहे. “गुरुवारी पाणी येणार नाही,” तर “देअर वोंट बी एनी वॉटर ऑन थर्सडे,” त्यातही काही खटकत नाही. ही धार इंग्रजीत निर्जीव वस्तूंनाही चालते. गाडी सुरूच होत नाही: “माय स्कूटर वोंट स्टार्ट.” दार उघडतच नाही: “द डोअर वोंट ओपन.” इथे भविष्यकाळाचा संबंधच नाही. मराठीतला ‘होतच नाही’ मधला ‘च’ इंग्रजीत ‘वोंट’ सांभाळतो.

तिसरी जागा अंदाजाची. पोरगं कठड्यावर चढलंय आणि आपण ओरडतो, “पडशील!” कसोटीप्रमाणे “यू'ल फॉल.” पण डोळ्यांसमोर पुरावा असेल, घटना घडायला सुरुवातच झाली असेल, तर इंग्रजी ‘गोइंग टू’कडे जाते: “केअरफुल, यू'र गोइंग टू फॉल!” सिंहगडाच्या बाजूने काळं भरून आलंय, वारा सुटलाय: “इट'स गोइंग टू रेन.” पुरावा हाताशी नाही, आपलं मत आहे, अनुभव आहे, तर ‘विल’: “आय थिंक इंडिया विल विन.” अंदाजात हे दोन बऱ्याच वेळा एकमेकांच्या जागी चालतात. तिथे अडखळून बसू नका. बेत आणि शब्द देणं यांत चूक झाली तर गैरसमज होतो, अंदाजात सहसा होत नाही.

अंदाजात खरी कसोटी लागते ती खात्रीच्या मापाची, आणि याकडे कोणी लक्ष देत नाही. मराठीत आपल्याकडे केवढी श्रेणी आहे: येईलच, नक्की येईल, येईल, बहुतेक येईल, येईल कदाचित, येईलसं वाटत नाही. इंग्रजीत हे सगळं “ही विल कम” या एका वाक्यात कोंबलं जातं आणि मग क्लायंट म्हणतो, तुम्ही तर खात्रीने सांगितलं होतं. “येईलच” म्हणजे “ही'स बाउंड टू कम.” “नक्की येईल” म्हणजे “ही'ल डेफिनेटली कम.” “बहुतेक येईल” म्हणजे “ही'ल प्रॉबेब्ली कम.” “येईल कदाचित” म्हणजे “ही माइट कम.” “येईलसं वाटत नाही” म्हणजे “आय डोन्ट थिंक ही'ल कम.” या शेवटच्यात मराठीची आणि इंग्रजीची ठेवण जुळते. दोन्हीकडे नकार ‘वाटणं’ला लागतो, त्यामुळे “आय थिंक ही वोंट कम”पेक्षा हे जास्त सहज आहे. ‘प्रॉबेब्ली’ची जागाही सांगून ठेवते. होकारात ते ‘विल’च्या नंतर येतं, नकारात ‘वोंट’च्या आधी: “ही प्रॉबेब्ली वोंट कम.”

इथे “पाऊस येऊ शकतो” हे वाक्य घात करतं. ‘शकतो’ म्हणजे ‘कॅन’ हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून “इट कॅन रेन टुमॉरो.” उद्याच्या एका विशिष्ट शक्यतेला ‘कॅन’ चालत नाही, “इट माइट रेन” किंवा “इट कुड रेन” लागतं. ‘कॅन’ सर्वसाधारण स्वभाव सांगतं: “इट कॅन रेन हेवीली इन पुणे इन जुलै” बरोबर आहे, कारण ते दरवर्षीचं आहे. कोडमध्ये उद्या अडचण येऊ शकते, तर “वी माइट हॅव अ प्रॉब्लेम टुमॉरो.”

अंदाज मोजून मांडण्याची शिस्त बघायची असेल तर हवामान खात्याची इंग्रजी पत्रकं वाचा. आपल्या शिवाजीनगरला याच खात्याचं मोठं कार्यालय आहे, ज्याला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. या पत्रकांत शब्दांना टक्के ठरवून दिलेले असतात. ‘लाइकली’ म्हणजे पंचवीस ते पन्नास टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर, ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे पंचाहत्तरच्या वर, आणि पंचविसाच्या खाली ‘अनलाइकली’. रोजच्या इंग्रजीत ‘लाइकली’चा अर्थ याहून चढा असतो, निम्म्याहून जास्त शक्यता. म्हणून पत्रकातला शब्द ऑफिसच्या मेलमध्ये जसाच्या तसा उचलू नका. पण रिलीज शुक्रवारी होणार हे सांगण्यापूर्वी आपल्या मनातला टक्का ठरवायची सवय त्यांच्याकडून जरूर घ्या.

आता त्या चुकीबद्दल, जी मला सगळ्यात जास्त ऐकू येते आणि जी खरंच चूक आहे. “तू येशील तेव्हा मी देईन.” मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून “व्हेन यू विल कम, आय विल गिव्ह इट टु यू.” इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ॲज सून ॲज’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अनटिल’ यांनी सुरू होणाऱ्या भागात साधा वर्तमानकाळ येतो, ‘विल’ फक्त मुख्य वाक्यात: “आय'ल गिव्ह इट टु यू व्हेन यू कम.” “पाऊस पडला तर जाणार नाही,” इथे मराठी भूतकाळी रूप घेते, इंग्रजी वर्तमानच घेते: “इफ इट रेन्स, वी'र नॉट गोइंग.”

हा नियम पाठ केला, की मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘व्हेन’ दिसलं की ‘विल’ काढून टाकतात. “आय डोन्ट नो व्हेन ही कम्स.” इथे ‘विल’ हवंच होतं. हे ओळखायला पुन्हा मराठीकडेच या. ‘व्हेन’च्या जागी मराठीत ‘तेव्हा’ किंवा ‘की’ येत असेल तर ‘विल’ नको. ‘कधी’ येत असेल तर ‘विल’ चालेल. “तो येईल तेव्हा सांगते” यात ‘विल’ नाही. “तो कधी येईल माहीत नाही” यात आहे: “आय डोन्ट नो व्हेन ही'ल कम.” ‘इफ’चं तसंच. ‘तर’ असेल तर नको, ‘की नाही’ असेल तर चालेल. “तो आला तर” म्हणजे “इफ ही कम्स.” “येईल की नाही माहीत नाही” म्हणजे “आय डोन्ट नो इफ ही'ल कम.” ‘तेव्हा’ की ‘कधी’, ‘तर’ की ‘की नाही’, एवढं विचारलं की निकाल लागतो. इंग्रजीच्या पुस्तकांत हे उपवाक्यांच्या प्रकारांची नावं घेऊन समजावतात. मराठी बोलणाऱ्याला त्या नावांची गरज नाही.

‘अनटिल’ला वेगळी वाट द्यायला हवी. “जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब” यातला ‘नाही’ आपण इंग्रजीत घेऊन जातो: “वेट अनटिल ही डझन्ट कम.” इंग्रजीत तो नकार ‘अनटिल’च्या पोटातच आहे. “वेट अनटिल ही कम्स.” मराठीतलं दुसरं वाक्य घ्या, “तो येईपर्यंत थांब,” आणि तिथून इंग्रजीत जा, म्हणजे ‘नाही’ आपसूक गळतो.

‘पर्यंत’ शब्दातच आणखी एक अडचण आहे. “शुक्रवारपर्यंत पाठवते” आणि “शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे” ही दोन्ही वाक्यं ‘पर्यंत’वर चालतात. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. एकदाच घडणारी गोष्ट, जी त्या मुदतीच्या आत उरकायची, तिला ‘बाय’. त्या वेळेपर्यंत चालूच राहणारी गोष्ट, तिला ‘टिल’. “आय'ल सेंड इट टिल फ्रायडे” वाचणाऱ्याला वाटतं, ही शुक्रवारपर्यंत रोज पाठवत बसणार. आणि “दोन दिवसांनी सांगते” याचं “आफ्टर टू डेज” करू नका. आजपासून मोजताना “इन टू डेज” म्हणतात.

भारतीय ऑफिसांत पसरलेली आणखी एक सवय म्हणजे ‘विल’च्या जागी ‘वुड’. “आय वुड बी सेंडिंग द रिपोर्ट टुमॉरो.” लिहिणाऱ्याला वाटतं, हे जास्त नम्र आहे. मराठीच्या कानाने ऐका: “मी उद्या रिपोर्ट पाठवला असता.” पुढे ‘पण’ येणार हे लगेच कळतं. परदेशी वाचकही त्या ‘पण’ची वाट बघत राहतो. उद्या खरोखर पाठवणार असाल तर “आय'ल सेंड,” त्यात उद्धटपणा अजिबात नाही. विनंतीत ‘वुड’ ठेवा, “वुड यू सेंड मी द फाइल?” तिथे ते शोभतं.

तुम्ही विचारलेलं ‘विल बी डूइंग’ दोन कामं करतं. एक साधं: उद्या या वेळी मी काय करत असेन. “उद्या या वेळेला मी गाडीत बसलेली असेन,” तर “धिस टाइम टुमॉरो आय'ल बी सिटिंग ऑन द ट्रेन.” मराठीतलं ‘बसलेली’ बघून ‘सॅट’ करू नका. दुसरं काम जास्त गोड आहे, आणि त्याला मराठीत नेमका शब्द आहे: ‘नाहीतरी’. “मी नाहीतरी उद्या स्वारगेटवरून जाणारच आहे, येताना आणते.” इंग्रजीत “आय'ल बी पासिंग स्वारगेट टुमॉरो एनीवे, आय'ल पिक इट अप.” तुझ्यासाठी मुद्दाम काही करत नाही, ते होणारच आहे, हा भाव त्यात असतो. म्हणूनच “विल यू बी यूजिंग द मीटिंग रूम?” हे सभ्य वाटतं. समोरच्याकडून काही मागत नाही, जे होणारच आहे तेवढं विचारतो.

‘विल हॅव’ म्हणजे ‘झालेलं असेल’. “तुम्ही याल तोवर माझं झालेलं असेल”: “आय'ल हॅव फिनिश्ड बाय द टाइम यू कम.” ‘याल’ला इथेही ‘विल’ नाही. दारावरची बेल वाजली की “दूधवाला असेल” म्हणतो, तिथेही इंग्रजीत “दॅट'ल बी द मिल्कमन” म्हणतात. आत्ताच्या गोष्टीचा अंदाज आपण ‘असेल’ने करतो, ते ‘विल’ने करतात.

‘शॅल’बद्दल थोडक्यात. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात नियम मांडला, की नुसतं भाकीत सांगायचं तर ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’. तो नियम पुस्तकांतून उतरत उतरत आपल्या शाळांपर्यंत आला. आज बोलण्यात तो जवळपास उरलेला नाही. तुम्हाला ‘शॅल’ दोनच ठिकाणी लागेल. “खिडकी उघडू का?” म्हणजे “शॅल आय ओपन द विंडो?” “निघूया का?” म्हणजे “शॅल वी गो?” मराठीतलं ‘-ऊ का’ आणि ‘-ऊया का’ आलं की ‘शॅल’. तिसरं ठिकाण वाचायचं आहे, बोलायचं नाही: भाडेकराराच्या कागदात “द लायसन्सी शॅल पे” असं लिहिलेलं असतं, तिथे ते बंधन आहे, भविष्य नाही. तसंच बातमीच्या मथळ्यात “स्कूल्स टू रीओपन ऑन मंडे” दिसलं तर नुसतं ‘टू’ म्हणजे ‘होणार’.

सरावासाठी वेगळं पुस्तक शोधायला अप्पा बळवंत चौकात जाण्याआधी स्वतःचे जुने मेल काढा. त्यात असं काही नक्की सापडेल: “आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे. इफ देअर विल बी एनी इश्यू, आय वुड इन्फॉर्म यू. नेक्स्ट वीक आय विल गो टु नाशिक फॉर माय कझिन्स वेडिंग.” प्रत्येक वाक्य मोठ्याने बोली मराठीत म्हणा आणि मग परत लिहा. शुक्रवारच्या आत एकदा पाठवायचंय, म्हणून ‘बाय फ्रायडे’. ‘काही अडचण आली तर’, म्हणजे ‘इफ’मध्ये ‘विल’ नाही. कळवते, म्हणजे शब्द दिला, ‘आय'ल’. नाशिकला जाणार आहे, लग्नाची तारीख ठरलेली आहे, म्हणून ‘आय'म गोइंग’. “आय'ल सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे. इफ एनीथिंग कम्स अप, आय'ल लेट यू नो. आय'म गोइंग टु नाशिक नेक्स्ट वीक फॉर माय कझिन्स वेडिंग.” शब्द जवळपास तेवढेच आहेत, पण आता वाचणाऱ्याला काय ठरलंय, काय कबूल केलंय आणि कशाची शक्यता आहे हे वेगवेगळं दिसतं.

आणि बेत फिसकटला तर त्यालाही मराठीचाच साचा चालतो. “मी कालच फोन करणार होते, पण मीटिंग लांबली.” ‘करणार होते’ म्हणजे ‘वॉज गोइंग टू’: “आय वॉज गोइंग टू कॉल यू येस्टरडे, बट द मीटिंग रॅन लेट.” तिकीटही काढलेलं होतं, सगळं ठरलेलं होतं, तर “आय वॉज कमिंग ऑन मंडे, बट द ट्रेन वॉज कॅन्सल्ड.” अगदी निघता निघता अडलं असेल, तर “आय वॉज अबाउट टू लीव्ह व्हेन यू कॉल्ड,” म्हणजे निघतच होते तेवढ्यात तुमचा फोन आला. ‘विल’चं भूतकाळी रूप इथे शोधत बसू नका.